आगीचा मांत्रिक

बारावीच्या सुट्टीत, कळंबोलीतल्या एका सायबर कॅफेत, माझा चुलतभाऊ विलास याने कीबोर्ड मारून माझा ओठ फोडला. परवा करंजाड्याच्या घरी मुलीने नवा गेम उघडून विचारले, "पप्पा, कुठलं पात्र घेऊ?" आणि ते खारट रक्त पुन्हा जिभेवर आले.

विलास न्हावा शेव्याला कंटेनर चालवायचा. सहा महिने त्याने कॅफेतल्या एका गेममध्ये एकच योद्धा वाढवला होता. त्या गेममध्ये मेलेला योद्धा परत येत नसे.

"तू हीलर घे," तो म्हणाला. "माझ्या जखमा भर फक्त. बाकी टेन्शन नाय."

मी आगीचा मांत्रिक घेतला. चित्रात त्याच्या दोन्ही तळव्यांवर ज्वाळा होत्या. गुहेत राक्षसांनी विलासला घेरले, तेव्हा मी मंत्र सोडला. ती आग आपल्या माणसालाही जाळते, हे मला ठाऊक नव्हते. राक्षस जळाले. त्यांच्या मधोमध उभा असलेला विलासचा योद्धाही जळाला.

"सांगितलं होतं ना तुला," विलास हळू आवाजात म्हणाला आणि त्याने कीबोर्ड उचलला. दुसऱ्या फटक्याला बटणे निखळून फरशीवर सांडली.

कॅफेवाल्याने मला दाराशी ओढून ओठावर बर्फ धरला. तिथून विलासच्या कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. तो दुसऱ्या मशीनवर बसून नवे पात्र बनवत होता. त्याने आगीचा मांत्रिक निवडला.