वीस मिनिटं पुढे

लॉगिनच्या पानाचा मला मनापासून तिटकारा आहे. दोन चौकोन आणि एक बटण, एवढंसं ते पान. पण त्या दिवशी सकाळपासून त्यानं माझा जो छळ मांडला होता तो एखाद्या खाष्ट सासूनंही मांडला नसता, आणि मला तर सासूच नाही. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, बटण दाबायचं. चकरी गरगर फिरायची आणि खाली लाल अक्षरात यायचं, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.' अरे, पण काय चुकलं? कोणाचं चुकलं? ते नाही सांगायचं. शी! असलं मोघम लिहिणाऱ्या माणसाला पंगतीत बसवून त्याच्या ताटात 'काहीतरी' वाढलं पाहिजे.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात होते, आमच्या घरी, वरच्या खोलीत. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम वेब अ‍ॅप्लिकेशन बनवायचं. बाबा गेल्यावर आई एकटीच राहत होती. तिला शुगर. एकदा न जेवता, गोळी न घेता कामं करत राहिली आणि चक्कर येऊन अंगणात पडली. शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा मी बॅग भरली आणि आले. ती वेळेवर जेवते का, गोळी घेते का, एवढं बघायला आले, दुसरं काही नाही.

आमचे टीम लीड मोठ्या नाराजीनं तयार झाले होते. तिथून काम जमतं का बघू, म्हणाले. क्लायंटला डेमो नीट दाखवलास तर कायमची घरूनच कर, नाही जमलं तर पुण्याला परत ये. तो डेमो त्या दिवशी दुपारी साडेचारला होता. माझा भाग अजून माझ्याच लॅपटॉपवर चालत होता, त्यामुळे दाखवायचाही तिथूनच होता. आणि लॉगिनच होत नव्हतं. दाराशीच अडलं तर आतलं दाखवणार काय, कपाळ?

आदल्या रात्री सगळं सुरळीत चालू होतं. हेच मला खात होतं. मी कोडच्या एकाही ओळीला हात लावलेला नव्हता. जवळच्या पोहरादेवीची यात्रा चालू असती तर नेटवर्कच्या नावानं बोटं मोडता आली असती, कारण त्या गर्दीत इथपर्यंत फोन लागत नाहीत. पण यात्रा लांब होती आणि खिडकीच्या गजांमागे ठेवलेल्या फोनवरून इंटरनेट छान येत होतं. फोन तिथून हलवला की रेंज जाते, म्हणून तो दिवसभर तिथंच पालथा पडलेला असायचा.

दिवसाची सुरुवातच घाणेरडी झाली होती. दहाच्या मीटिंगला मी वेळेवर हजर, आणि बाकी कोणाचा पत्ता नाही. कितीतरी वेळ रिकाम्या पडद्यावर स्वतःचंच थोबाड बघत बसले. मग सगळे आरामात उगवले. मी लीडला म्हटलं, सर, किती वाट पाहायची? ते म्हणाले, वेळेवरच तर आलोय. मला असा संताप आला! उशिरा यायचं आणि वरून हे. पुण्याच्या माणसाला वेळेचं काही नाही, आणि गावात बसलेल्या पोरीवर मात्र यांची नजर, असं मी मनात म्हटलं. तोंडावर हसले.

मग शोधायला लागले. पासवर्ड बदलून बघितला. दुसऱ्या ब्राउझरमधून बघितलं. कुकीज पुसल्या. सर्व्हर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. विनंती जाते कुठं, येते कुठून, पत्ता बरोबर आहे का, पोर्ट बरोबर आहे का, सगळं तपासलं. विनंती व्यवस्थित जात होती आणि तितक्याच व्यवस्थित हाकलून दिली जात होती. चारशे एक. म्हणजे, तू कोण आम्ही ओळखत नाही. माझ्याच लॅपटॉपवर, मीच चालू केलेला प्रोग्रॅम मलाच म्हणतो की ओळखत नाही. आणि माझ्याआधी ज्यानं हा भाग लिहिला होता त्या महाभागानं नाकारण्याचं खरं कारण आतल्या आत गिळून टाकलं होतं. जे काही बिनसेल त्यावर एकच उत्तर, 'काहीतरी चुकलं'. तो नोकरी सोडून गेला होता. सुटला बिचारा, माझ्या तावडीतून.

लीडला विचारलं तर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा सल्ला. लॅपटॉप रीस्टार्ट कर. केला. सगळं पुसून नव्यानं इन्स्टॉल कर. तेही केलं, फोनच्या इंटरनेटवर, तासभर ताटकळत. बाकी पोरं म्हणाली, आमच्याकडे चालतंय. हे वाक्य ऐकलं की मला मळमळतं. तुमच्याकडे चालतंय तर ओवाळू का तुम्हाला?

खालचं दुकान आम्ही साउंड सर्व्हिसवाल्याला भाड्यानं दिलंय. बंजारा तांड्यांवरच्या लग्नांना त्याचे स्पीकर जातात. दुपारी तो त्या खोक्यांची तपासणी करत होता. हॅलो, चेक, हॅलो, चेक, आणि मग जमिनीतून छातीत येणारा धडधड आवाज. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता. मला त्या गावाचा, त्या स्पीकरचा, त्या लॅपटॉपचा आणि संगणक शिकायच्या माझ्या अकलेचा एकदमच वीट आला. बाबांचं भांड्यांचं दुकान चालवलं असतं तर काय बिघडलं असतं, असंही वाटून गेलं. पातेलं कधी म्हणत नाही की मी तुला ओळखत नाही.

आई मधे एकदा वर आली. जेवून घे म्हणाली. मी तिच्याकडे न बघता म्हटलं की आज हे चाललं नाही तर मला पुण्याला जावं लागेल. तिनं चहा ठेवला आणि खाली गेली.

आता आमच्या घरातल्या घड्याळांचं सांगते. ती सगळी वीस मिनिटं पुढे असतात. आम्ही जैन. सूर्य बुडायच्या आत जेवण आटोपायचं, बुडाल्यावर घास नाही. हिवाळ्यात दिवस भुर्रकन उडतो, म्हणून आईनं फार पूर्वीच घरभरची घड्याळं पुढे करून ठेवली, स्वयंपाक रेंगाळला तरी वेळ हातची जाऊ नये म्हणून. लहानपणापासून मी भिंतीकडे बघून मनात वीस वजा करत आले. शाळेत, परीक्षेला, एस.टी.ला. मला त्या खोट्या घड्याळांचा इतका कंटाळा आला होता की नोकरी लागल्यापासून मी भिंतीकडे बघणंच सोडलं होतं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघायचं. ते पाहून वाटायचं, अजून आहे वेळ, एवढं संपवून उतरते. आणि उतरायचे तेव्हा अंधार पडलेला. मग माझा उपास. आई म्हणायची, माझं झालं, तुझंच राह्यलं. असं त्या थंडीत बरेचदा झालं.

तर त्या दिवशी कोपऱ्यात चार पंचवीस झाले. पाच मिनिटांत डेमो. चारशे एक तसंच. मी हात टेकले. आता लीडला काय सांगायचं याचं वाक्य जुळवत खुर्चीत मागे रेलले आणि नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवरही चार पंचवीस.

क्षणभर मला त्यात काही वाटलं नाही. मग ताडकन सरळ बसले. आमच्या घरात हे होऊच शकत नाही. भिंत आणि जग यांची वेळ आमच्याकडे आजवर एकदाही जुळलेली नाही. मी धावत खिडकीशी गेले, फोन उलटा केला. फोनवर चार पाच.

सगळं तिथल्या तिथं उलगडलं. लॉगिन केलं की पुण्याचा टेस्ट सर्व्हर एक टोकन देतो, म्हणजे आत सोडायची चिठ्ठी. ती पंधराच मिनिटं चालते. माझ्या लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम ती चिठ्ठी तपासताना लॅपटॉपचं घड्याळ बघतो. ते वीस मिनिटं पुढे. म्हणजे चिठ्ठी हातात पडायच्या आधीच शिळी. सकाळी मीटिंगला उशिरा कोणी आलंच नव्हतं, मीच आधी जाऊन बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दिवसभर मी सर्व्हर, ब्राउझर आणि पुण्याच्या माणसांचा उद्धार करत होते, आणि घड्याळ डोळ्यासमोर टिकटिकत होतं.

वेळ आपोआप जुळवायचं बटण बंद होतं. चालू केलं. लॉगिन केलं. दार उघडलं.

डेमो ठीक झाला. क्लायंटनं प्रश्नांवर प्रश्न विचारले, लीडचा आवाज हळूहळू मऊ झाला. शेवटी म्हणाले, चांगलंय, तिथूनच करत जा. नेमकं काय बिघडलं होतं? मी सांगितलं, सेटिंगमधली चूक होती. आणखी काय सांगणार, माझ्या आईनं केलं म्हणून?

कारण दुसरं कोण करणार? घरात आम्ही दोघीच. सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा लॅपटॉप उघडा होता. डेमो संपेपर्यंत बाहेर अंधारून आलं होतं. मी ताडताड जिना उतरले. तोंडात जे काही तयार ठेवलं होतं ते आता इथं लिहीत नाही.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मी विचारलं, लॅपटॉपच्या घड्याळाला हात काहून लावला? तिनं अजिबात लपवलं नाही.

"मंग काय करू? माह्या फोनमधे करतो तसंच थे आपोआपवालं बटन बंद केलं अन् वीस मिनिटं समोर केलं. त्याच्यात पाहून तू म्हनते टाइम हाय, अन् उपाशी झोपते."

मी तिला म्हटलं की तुझ्या त्या वीस मिनिटांपायी माझी नोकरी जात होती. तिला ते खरंच वाटेना. घड्याळानं कुठं मशीन बिघडते का, म्हणाली. मी चिडून काहीतरी आणखी बोलणार होते, तेवढ्यात ओट्याकडे लक्ष गेलं. ओट्यावर झाकलेली ताटं होती. एक नाही, दोन. शेजारी पाण्याचा तांब्या आणि तिच्या गोळ्यांची पट्टी.

"तू जेवली नाहीस?"

"तू आली नाही, त मी कशी जेवू?"

"आणि गोळी?"

"उपाशीपोटी गोळी घेतात का वो?"

मग मी विचारलं की याआधी जेव्हा जेव्हा मी उशिरा उतरले, तेव्हा? ती उठली आणि ताटांवरचं झाकण सारखं करायला लागली. ते सारखंच होतं.

मला स्वतःची इतकी किळस आली म्हणून सांगू. जिनं वेळेवर जेवावं म्हणून मी पुणं सोडून आले, ती मी आल्यापासून माझ्यापायी उपाशी झोपत होती. आणि मी रोज विचारत होते, आई, झालं का तुझं? तीही रोज सांगत होती, झालं. त्या रात्री मी तिला सूर्य बुडाल्यावरही दोन घास खायला लावायला पाहिलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, रागावले. ती ऐकेल तर ना! आम्ही दोघी तशाच झोपलो. मी तिच्याच खोलीत, तिच्या श्वासाकडे कान लावून.

सकाळी उठून पहिलं काम केलं ते लॅपटॉपवर. चिठ्ठी तपासताना घड्याळात थोडा फरक चालवून घ्यायचा की नाही, अशी एक सेटिंग असते. फार तर मिनिटभर ठेवतात. मी माझ्यापुरती अर्ध्या तासाची ठेवली, वीस मिनिटं त्यात आरामात बसतात. हे अत्यंत गचाळ काम आहे. दुसऱ्या कोणाच्या कोडमध्ये असलं काही दिसलं असतं तर मी त्याला उभा-आडवा सोलला असता.

मग लॅपटॉप टेबलावर उघडाच ठेवला आणि आंघोळीला गेले. परत आले तेव्हा कोपऱ्यातलं घड्याळ भिंतीशी जुळलं होतं. मी ते तसंच राहू दिलं आणि लॉगिन केलं. दार उघडलं. त्या दिवशी अजून ऊन असताना आम्ही दोघी जेवलो, आणि तिनं माझ्यासमोर गोळी घेतली.