माझ्या पिपातले धागे

सुरतेत नवागामला आमची तीन मजल्यांची बिल्डिंग आहे. वरच्या गच्चीवर मी वांगी लावते. भरताची, हिरवी, मोठी. बी माझ्या आईचं. आई गेली, भावांनी शेत विकलं, गावात आता ते बी कुणाकडे नाही. माझ्याकडे फडक्यात राख लावून बांधलेलं होतं, तेवढंच.

इथं माती कुठून आणायची? मी घरीच करत आले. निळ्या पिपाला भोकं पाडली, त्यात भाजीची सालं, चहाचा चोथा, वाळका पाला टाकायचा. अधूनमधून आंबट ताक शिंपडायचं. चार-पाच महिन्यांत काळी माती होते, ती तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरायची. शाळेत मी दोनच यत्ता गेले, पण उकिरडा मला कुणी शिकवायला नको.

समोरच्या खोलीतली बाई आमच्याच जळगावकडची. मला माय म्हणते. माझे गुडघे धरले तेव्हा गच्चीवर पाणी तिनंच चढवलं. तेव्हापासून मी तिला लेकच मानलं. ती घरी साड्यांचं धागा कटिंग करते. गठ्ठे येतात, साडीच्या मागचे लोंबते धागे कात्रीनं कापायचे. रोज तिची सालांची बादली माझ्याकडे यायची. एकदा सालांच्या खाली धाग्यांचा गुंता दिसला.

म्हटलं, "हे काय गं?"

"सुतीच शे, माय. सडी जाई."

गावाकडे जुनं लुगडं, फाटकी गोधडी उकिरड्यावर जायची आणि तिची माती व्हायची. कापड सडतंच, हे माझ्या डोक्यात पक्कं. आमचे घरधनी इथंच उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला होते. धागा कसला आहे ते काडी लावून बघायचे. सुती असला तर राख होते, नायलॉन असला तर आकसून काळी गोळी होते. मलाही येत होतं ते. पण तिच्या बादलीला काडी लावावी हे मनातच आलं नाही. लेकीच्या घरचं कुणी पारखून घेतं का?

वर्षभर ती टाकत गेली. ढवळताना धागे दिसायचे, मला वाटायचं अजून कच्चे आहेत.

यंदा होतं तेवढं सगळं बी त्याच मातीत लावलं. रोपं वीतभर झाली आणि पिवळी पडली. पाणी वरच साचायचं. एक डबा उलटा केला. मुळांना धाग्यांचा पिळा बसलेला. गुलाबी, पोपटी, रंग जसाच्या तसा. काडी लावली. गोळी झाली.

तिच्या दारात गेले. साड्यांच्या ढिगात बसलेली होती. गुंता पुढ्यात ठेवला.

"सुती व्हतं?"

कात्री थांबली नाही. आमची बोली सोडून ती परक्यांशी बोलते तशी बोलली, "कचऱ्याचा गाडीवाला ओलं-सुकं वेगळं मागतो. रोज तीन जिने उतरून दुसरी थैली कोण नेणार?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"एवढं काय त्यात? नर्सरीतून मातीचं पोतं आणून देते."

"आणि बी?"

तिनं ढिगातली पुढची साडी ओढली. मी गुंता उचलून घरी आले.

दसऱ्यापर्यंत गच्चीवर बसून मी माती चिवडली, धागे वेचले. दोन पोती भरली. रोपांतलं एक जगलं. त्याला एकच वांगं आलं.

दरवर्षी पहिलं भरीत तिच्या घरी जायचं. तिनं विचारलंच, "औंदा भरीत नही का, माय?"

"नाही," म्हटलं.

बादली तिची अजून येते. सालांनी माझं काय वाकडं केलंय? पण आता मी ती तिच्यासमोर परातीत ओतते, हातानं चाचपते, मगच पिपात टाकते. पहिल्या दिवशी ती हसली. "झडती लेस का, माय?" मी सालं चाचपत राहिले. आता हसत नाही. माझं होईपर्यंत उभी राहते आणि बादली घेऊन जाते.

वांगं झाडावरच ठेवलंय. पिवळं पडत आलंय. आत बी भरलं की नाही, ते फोडल्यावर कळेल.