मासवडीतलं 'मीट'

मैत्रिणींनो, मुंबईहून विमानात दहा तास बसून पाय सुजलेत, पण डोकं लई तापलंय.

लेकीला डोहाळे लागलेत मासवडीचे. म्हणून सुट्टीला तिच्याकडं पॅरिसला येताना ओतूरच्या घरून बेसन, तीळ, खोबरं घालून डबाभर वड्या करून आणल्या.

इथल्या विमानतळावर तपासणीवाल्यानं डबा उघडून विचारलं, हे काय?

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे पुढं! "मासवडी, सर! मास मीन्स मीट!"

बाहेरून मीट आणायला इथं बंदी. डबा सरळ कचऱ्यात.

"अवो, त्यात कुठलं आलंय मास? बेसन हाय ते!" मी ओरडले.

"हळू बोल, लोकं बघत्यात."

दारातच लेकीनं हात पुढं केला. "आई, डबा?"

तीस वर्षं माझ्या हातची मासवडी खाणाऱ्याला ती कशाची असते हेच ठाऊक नसावं?