अशा घरात मशीन टिकत नाही

"डॉक्टर मॅडमनाच विचारा," सर म्हणाले. "लहानपणी यांच्या घरी दुधावर राख बसायची. स्वतः सांगितलंय मला. अशा घरात मशीन टिकत नाही."

आणि हसले. टेबलाभोवतीचे ट्रस्टीही हसले. मोठ्याने नाही. तेवढं भान होतं त्यांना.

मी त्याच टेबलाला बसले होते. हृदयरोगतज्ज्ञ. थकत चाललेल्या हृदयांवर उपचार करणं, छातीत पंप बसवून ती चालती ठेवणं, हे शिकून परत नागपुरात आलेली. या हॉस्पिटलात तो विभाग मी उभा केला. आणि एका वाक्यात त्या माणसाने मला उचलून कोराडीच्या वस्तीत नेऊन ठेवलं. लोकांना दाखवायला.

सर म्हणजे माझे सर. मेडिकलला मला शिकवलेले. वर्गात बाकीचे माझं आडनाव ऐकून मार्क विचारायचे, तेव्हा सर म्हणायचे, "हिचा हात बघा. हिला स्टेथोस्कोप ऐकू येतो." मी त्या वाक्यावर कितीतरी वर्षं जगले. पुढे त्यांनीच मला या हॉस्पिटलात बोलावून घेतलं. त्यांच्या घरी जेवायला बसायचे मी. वहिनी आग्रह करून वाढायच्या. "तू आमची मुलगीच," सर म्हणायचे.

अशाच एका जेवणाला मी राखेचं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं तोवर. बाबा वीज केंद्रात कंत्राटी कामगार, कोळशाच्या पट्ट्यावर. वारा फिरला की राख घरात. अंथरुणावर, वहीवर, दुधावर. सरांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, या माणसाला कळलं.

त्यांनी ते जपून ठेवलं होतं. कामाला येईल म्हणून.

आणि अर्धंच सांगितलं. माझी आई दुधाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, ओलं फडकं टाकायची, फडकं काळं झालं की धुवायची, पुन्हा टाकायची, दिवसभर. एकदा मी चिडून म्हटलं, काहून धूत राहतं, पुन्हा बसतेच ना राख. ती म्हणाली, "बसू दे वं. राख त्याहीची हाय. घर आपलं हाय." ती राख मागे सोडून वीज शहरात जायची. हॉस्पिटलातसुद्धा.

मीटिंग होती सुनंदासाठी.

सुनंदा कळमेश्वरची. शिवणक्लास चालवायची. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात. बाळंतपणानंतर तिचं हृदय फुगत गेलं, ढिलं पडत गेलं. पोरगी रांगायला लागली तेव्हा सुनंदाला तिला उचलता येत नव्हतं. औषधं थकली. आता एक तर दुसऱ्याचं हृदय मिळायचं, नाही तर छातीत पंप. हृदय मिळण्याची आशा धूसर. एक पंप मात्र देणगीतून हॉस्पिटलात आलेला होता, गरजू पेशंटसाठी म्हणूनच.

पंपाची वायर पोटातून बाहेर येते. बाहेर बॅटऱ्या. त्या चार्ज कराव्या लागतात, वायरीची जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवावी लागते. नाही तर जंतू आत जातात आणि माणूस जातो. म्हणून घर बघायचं असतं. मी स्वतः गेले कळमेश्वरला. दोन खोल्या. भिंतीवर निळ्या कोटातला तोच फोटो, जो आमच्या घरी होता. नवऱ्याने इन्व्हर्टर आधीच बसवून घेतला होता. मी पट्टी बदलायला शिकवली, त्याने माझ्यासमोर करून दाखवली. सुनंदा खाटेवरून म्हणाली, "मॅडम, हे माह्या ब्लाऊजच्या फिटिंगपेक्षा सोपं हाय." आणि हसता हसता तिला धाप लागली.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी सर म्हणाले होते, "उद्या तिचं नाव पक्कं. मी आहे ना."

मी आहे ना.

टेबलावर त्यांनी दुसरं नाव काढलं. एका ट्रस्टीचे मेहुणे. मी बोलायला लागले. घर सांगितलं, इन्व्हर्टर सांगितला, पट्टी सांगितली. तेव्हा राख आली. आणि राखेमागून सरांचंच हळूच, "मॅडमना त्यांच्याबद्दल वाटणारच. साहजिक आहे."

त्यांच्याबद्दल. म्हणजे आमच्याबद्दल.

निर्णय झाला, चहा आला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सरांनी खांद्यावर हात ठेवला. "किडनी कमजोर आहे म्हणून सांग तिच्या घरच्यांना. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. तुझं ऐकतील."

तेव्हा मला सगळं दिसलं. माझ्या हाताचं कौतुक, ते जेवण, ती मुलगी म्हणणं. मला इथे कशासाठी आणलं होतं ते. आमच्या लोकांना 'नाही' सांगायला आमचंच तोंड लागतं.

मी खांद्यावरचा हात काढला. "तिची किडनी चांगली आहे, सर. मी खोटं बोलणार नाही."

"मग काय सांगणार?"

"तुम्ही जे बोललात ते."

मी वॉर्डात गेले. सर मागोमाग आले, मला थांबवायला. सुनंदा उशीला टेकून बसली होती, नवरा जवळ उभा. मी सांगितलं. पंप तुम्हाला देत नाहीत. आजाराचं कारण नाही. तुमच्या घरी तो टिकणार नाही असं कमिटीने ठरवलं. मला हे मान्य नाही आणि तसं मी लिहून देतेय.

नवऱ्याला आधी कळलंच नाही. "पण मी पट्टी बदलून दाखवली ना तुमाले?"

"दाखवली. बरोबर होती."

"मंग आमच्या घरात कोणाले खोट दिसली? तुमच्याशिवाय कोण आलं होतं पाहाले?"

मी सरांकडे बोट केलं. "हे म्हणाले. हे आले नव्हते."

सुनंदा सरांकडे बघत राहिली. रडली नाही. म्हणाली, "या ना सर एक डाव घरी. चहा पेऊन जा."

सर वळले आणि निघून गेले.

मी दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात तिची कागदपत्रं पाठवली. फोन केले. त्यांनी बोलावलं, तारीखही दिली. पण सुनंदाच्या हृदयाने तेवढा वेळ दिला नाही. ती गेली तेव्हा पोरगी चालायला लागली होती.

मेहुण्यांना पंप बसला. त्यांनाही गरज होती, हे मी नाकारत नाही. त्यांच्या पंपाची गती मीच लावली, त्यांची काळजी मीच घेते. त्या माणसाचा दोष नाही. पण त्यांचं घर तपासायला कुणी गेलं नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, मी राजीनामा देईन. सरांनाही. एकदा निरोप पाठवला, "माफी माग, विसरून जाऊ." मी माफी मागितली नाही. राजीनामाही दिला नाही. मी गेले तर त्या टेबलावर ते मोकळे होतील.

मी दर मीटिंगला जाते. सरांसमोरच्या खुर्चीत बसते. ज्याला नाकारायचं, त्याच्या घरच्यांना आत बोलवा आणि कारण त्यांच्या तोंडावर सांगा, एवढंच मी मागते. चिडतात. आवाज चढवतात. मीही चढवते. माझ्या तोंडून आता कुणाचंही खोटं जाणार नाही. आणि 'अशा घरात' हे शब्द पुन्हा तिथे निघाले, तर बोलणारा तरी त्या खोलीबाहेर जाईल, नाही तर मला ओढून काढावं लागेल. आपण होऊन मी उठणार नाही.