या पावणं, बसा

समोर येईल ती वस्तू अंगठ्यानं दाबून बघायची, ही त्याची खोड. सायकलचं टायर दाबायचा ते ठीक, पंक्चर काढायचाच त्याचा धंदा. पण माझ्या पाटीतला टोमॅटो दाबायचा, भोपळा दाबायचा, कुणाचं तान्हं पोर दिसलं तर त्याचा गाल दाबायचा आणि वर म्हणायचा, "हवा हाय की!" टोमॅटो चिरडला तर म्हणायचा, "कमी हाय हवा."

तुमच्याही गल्लीच्या तोंडाशी असा एखादा असेल. आमच्या कोल्हापुरात हा होता. त्याचं दुकान आणि माझी भाजीची पाटी शेजारी शेजारी. मी तिशीत होते तेव्हापासून तो मला "म्हातारे" म्हणायचा. मी त्याला "मुडद्या" म्हणायचे. परगावचं गिऱ्हाईक आमचं बोलणं ऐकून भांडण सोडवायला उठायचं. भांडण नसायचंच. चहा सांगू का, एवढंच तो विचारत असायचा.

गोड बोलणं त्यानं अनोळखी माणसांसाठी राखून ठेवलं होतं. कुणी नवखा गाडी ढकलत आला की, "या पावणं, बसा." तोच माणूस दुसऱ्यांदा आला की आदर संपला. "आलास व्हय रं? आता काय फोडून आणलंस?"

जगात त्याला एकच वैरी, ट्यूबलेस टायर. नाव काढलं की सुटायचा. "आत ट्यूब न्हाय म्हंजे आतडी न्हाईत! आतडी नसलेलं जनावर बघितलंईस कुठं, म्हातारे?"

एका सकाळी तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. एकदम दोन्ही हातांनी डोकं धरलं. "म्हातारे, डोस्क्यात काय तरी फुटलं," म्हणाला आणि घमेल्यासकट आडवा झाला. मला वाटलं सोंग करतोय. लाथेनं ढोसलं, तेव्हा कळलं सोंग नाही.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मेंदूतल्या शिरेला फुगा आला होता, तो फुटला." मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर डोक्यापर्यंत नेली आणि त्या फुग्यात तारेचं वेटोळं भरून तो बंद केला. शुद्धीवर आल्यावर त्याला हे सांगितलं.

"मांडीतनं डोस्क्याचं पंक्चर काढलं?"

"व्हय."

"चाक न खोलता?"

"न खोलता."

"शिकून घेतलं पायजे," म्हणाला.

आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, खरी काळजी पुढंच आहे. सांडलेल्या रक्तामुळं आसपासच्या शिरा आकसतात. चौथ्या दिवसापासून दोन आठवडे हा धोका. फार आकसल्या तर मेंदूला रक्त पोचत नाही. मग वाचा जाते, हातपाय जातात, माणूसही जातो. "बोलण्यात एवढासा फरक वाटला तरी लगेच सांगा." मी चौथी शिकलेली, पण समजलं. एक फुटली म्हणून बाकीच्या अंग चोरून बसणार.

त्याच्या बायकोला नळ्या बघून चक्कर आली. तिलाच सलाईन लावायची पाळी आली, म्हणून तिला घरी ठेवलं. लेक हुपरीहून दुपारी यायची. सकाळची मी.

नर्स दर तासाला विचारायची. नाव काय, कुठं आहात, हात उचला. हा सरळ उत्तर देईल तर शपथ.

"कुठं आहात, काका?"

"सासुरवाडीला. पाहुणचार बघतीस न्हवं?"

नर्सनं लिहिलं, बोलण्यात गोंधळ. डॉक्टर धावत आले, तपासणी झाली, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी नाव विचारलं तर तिसऱ्याच गल्लीतल्या पैलवानाचं सांगितलं. पुन्हा धावपळ. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आजी, यांना नीट उत्तरं द्यायला सांगा हो." मी त्याला खाटेजवळ उभं राहून झापलं. मुडद्या म्हणणार होते. शब्द ओठापर्यंत आला, पण आजूबाजूच्या खाटा बघितल्या आणि गिळला.

सातव्या दिवशी गेले तर नर्स खुशीत. "आजी, आज काका शहाण्यासारखे बोलतायत. नाव बरोबर, कोल्हापूर बरोबर, हात पण उचलला."

मी खाटेशी गेले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला,

"या पावणं, बसा."

हे तो नवख्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, मला कधीच नाही. मग वाटलं, मीच झापलं होतं, म्हणून चेष्टा करत असेल. खात्री करायला हवी. मी वाकले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, "ट्यूबलेस टायर लई चांगला असतोय न्हाय?"

तो म्हणाला, "व्हय व्हय. चांगला असतोय."

मी जी बोंब ठोकली ती खाली रस्त्यावर ऐकू गेली म्हणतात. नर्स म्हणाली, "अहो, आदरानंच बोलले की!" मी म्हटलं, "बाई, तोच तर रोग हाय! हा मला आदरानं बोलायला लागला म्हणजे ह्याच्या डोस्क्यात रगत न्हाय!" तिला काही पटलं नाही, पण माझं तोंड बंद करायला तरी तिनं डॉक्टरांना बोलावलं.

तपासणीत निघालं. शिरा आकसल्या होत्या. मग रक्तदाब वाढवायचं औषध सुरू केलं, पुन्हा मांडीतून नळी घालून शिरा सैल करायचं औषध सोडलं. तीन दिवस तो कुणालाच नीट ओळखत नव्हता. चौथ्या सकाळी मी आत गेले तर डोळा किलकिला करून म्हणाला, "म्हातारे, पाटी कुणाच्या गळ्यात घालून आलीस?"

मी रडले असं त्याची लेक सांगत फिरते. खोटं आहे. तिथं फिनेल फार मारतात.

तो घरी आला, पण उजवा अंगठा बधिरच राहिला. टायर दाबायचा आणि माझ्याकडे बघायचा. "हवा हाय का गं?" मग मी उठून दाबायचे आणि सांगायचे. भाजीवालीनं हवा बघायची आणि यानं गिऱ्हाइकाला ऐटीत "हाय" म्हणायचं. दोन-तीन महिने हे चाललं. मग लेक त्याला आणि त्याच्या बायकोला हुपरीला घेऊन गेली. आता दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. दाबून बघण्यासारखं तिथं काही नाही.

दर सोमवारी मी फोन करते. पहिला शब्द ऐकायला. "म्हातारे" आलं की मला बाकी काही ऐकायचं नसतं.

परवाच्या सोमवारी "म्हातारे" झालं, जेवलास का, गोळ्या घेतोस का, माझं विचारून झालं. मग म्हणाला, "दवाखान्यातनं आल्यापास्नं बघतोय. जेवलास का, झोपलास का. एकदा तरी मुडद्या म्हणलीस? मला पावणा केलीस व्हय गं?"

त्या दिवशी गिळलेला शब्द मी अजून गिळतच होते.

"मुडद्या," म्हटलं, "ठेव फोन. गिऱ्हाईक उभं हाय."

पाटीपुढं कुणी नव्हतं.

"हाय की हवा!" तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.