निरगुडीचे बाण

लाकडी धनुष्याचा नाद लागल्यापासून मी बाणांसाठी सरळ काठ्या शोधत हिंडतो. गणपतीत मळवलीला सासुरवाडीला गेलो, तेव्हा बांधावर निरगुडीचे फोक सापडले. एक डोळा मिटून एकेक पारखला, साल काढली आणि वाळताना वाकू नयेत म्हणून जुडी घट्ट बांधून पडवीत टांगली.

दिवाळीला गेलो तर जुडी गायब. मी जरा तडकूनच विचारलं. सासूबाई मला परसात घेऊन गेल्या. माझे सगळे बाण वाफ्यात रोवलेले होते आणि त्यांच्यावर चढलेला घेवडा शेंगांनी लगडला होता.

"लय सरळ काठ्या आनल्या तुमी, जावईबापू," त्या कौतुकानं म्हणाल्या.

सासूबाईंवर चिडायची सोय नव्हती. दुपारी सगळा राग मी घेवड्याच्या भाजीवर काढला आणि ती तीनदा मागून घेतली.