ओटी धरायची नाही

बजाजनगरात 'ओटी' म्हटलं की कुणाला खणानारळ आठवत नाही. इथं ओटी म्हणजे ओव्हरटाइम, वाळूजच्या कंपनीत शिफ्ट संपल्यावर थांबून केलेलं जादा काम. एक बाई म्हणते, "आमच्या ह्यांना आज ओटी लागली." दुसरी म्हणते, "बरं झालं बाई, हप्ता निघंल."

मीही तसंच म्हणायचे. एक खोली, एक किचन, त्याचं भाडं, गाडीचा हप्ता, फ्रिजचा हप्ता. पगार व्हायच्या आधीच मी ओटी धरून सगळं बसवून टाकायचे, आणि बसायचंही बरोबर. फक्त घरात माणूस नसायचा! हे यायचे, ताटावर पेंगायचे, घास तोंडात धरूनच डोळे मिटायचे. रविवारी पुन्हा ओटी. आम्हाला मूल हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं आणि सांगितलं, दोष कुणातच नाही, पण तुम्ही दोघं एकत्र असता तरी कधी? त्याची फी घेतली वर! मला इतका राग आला की रिक्षा न करता तणतणत चालत घरी आले.

सासूबाई अजिंठ्याजवळ गावाकडं राहतात. त्यांचा फोन आला, कधी येता म्हणून. मी घाईत म्हणाले, "आई, या महिन्यात ओटी आहे, जमायचं नाही."

"व्हय का गं माय!" एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला. एवढं खूश व्हायला काय झालं, मला कळेना.

दोन दिवसांनी त्या दारात हजर. एसटीनं आलेल्या, घामाघूम, आणि पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. दिवाळीपासून आमची गाठ नव्हती. आधी त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. मग तोंडाकडं. मग पुन्हा पोटाकडं.

"सातवा लागला आन् मला सांगितलं बी नाय?"

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, आई, ओटी माझी नाही, तुमच्या मुलाची आहे.

"अगं, बाप्याची कसली ओटी?"

सगळं समजावून सांगताना मला हसू फुटलं, आणि हसता हसताच मी आत गेले, नळ सोडला आणि ढसाढसा रडले. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मग त्यो घरी येतो कधी?"

"झोपायला."

त्या तिथंच उंबऱ्यावर टेकल्या. बराच वेळ पदरानं तोंड पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "आधी ती ओटी बंद कर. मग ही भरू." खण त्यांनी माझ्या कपाटात ठेवला. नारळ मात्र फोडून चटणीला घातला, वाया कशाला घालवायचा म्हणून.

त्या गेल्या आणि मला चैन पडेना. संध्याकाळी ह्यांना म्हणाले, "आता ओटी धरायची नाही." हे भडकलेच. "वेडी झालीस का? एकदा नाही म्हटलं की सर पुन्हा विचारत नाहीत." ते काही खोटं नव्हतं. मग मी म्हटलं, "तुम्ही करा ओटी. मी हिशोबात धरणार नाही." ओटीचे पैसे वेगळ्या खात्यात पडू द्यायचे आणि घर नुसत्या पगारावर चालवून बघायचं, असं मी ठरवलं.

किराणावाल्याकडची उधारी आधी बंद केली. उधारीवर माणूस बिस्किटंसुद्धा जास्त आणतो. शेजारणीला गाठून मोंढ्यातून घाऊक भावानं तांदळाचा कट्टा आणि तेलाचा डबा निम्मा-निम्मा घेतला. ज्वारी गावाकडून मागवली. पाण्याचा जार बंद केला आणि माठ आणला. बोलायला सोपं आहे हो! गॅस आठवडाभर आधी संपला तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. कुणाची लग्नपत्रिका आली की वधू-वरांची नावं वाचायच्या आधी मी आहेराचं गणित करायचे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तोंडातल्या तोंडात नुसती बेरीज-वजाबाकी. हे म्हणायचे, "जप कसला चाललाय?" तोंडावर लाटणं फेकावंसं वाटायचं. पण साठलेल्या ओटीतून फ्रिजचे उरलेले हप्ते एकदमच फेडले, मग गाडीचे, आणि शेवटी एका महिन्यात घर खरंच नुसत्या पगारात बसलं. मी तीनदा मोजून बघितलं, विश्वासच बसेना.

मग तो रविवार उजाडला. हे पहिल्यांदाच ओटी न घेता घरी. त्यांना बसवेना. खाली जाऊन गाडी पुसली, वर आले, पंखा पुसला, पुन्हा खाली गेले. "करमत नाही गं," म्हणाले. मलाही कुठं करमत होतं? आज नाही म्हटलं आणि उद्या काही अडलं तर?

तेवढ्यात फोन वाजला. सुपरवायझरच. माणसं कमी आहेत, लगेच ये. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मेथी निवडत होते. काड्या कुठल्या आणि पानं कुठली, मला दिसेना.

"नाही जमणार सर," हे म्हणाले. "आज... आज घरी ओटी आहे."

पलीकडून मोठ्यानं हसू, मला इथवर ऐकू आलं. "अरे वा! आधी सांगायचं ना! उद्या पेढे आण!"

ह्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. मी मान हलवली, राहू द्या.

ह्यांनी फोन ठेवला.

"आता पेढ्यांचे पैसे कशातून काढायचे?" मी विचारलं.

"ओटीतून," हे म्हणाले, आणि उठून त्यांनी फोन बंद केला आणि कपाटात, त्या हिरव्या खणाशेजारी ठेवून दिला.